टेसूची चव

दोन सड... कालपर्यंत मऊ, रिकामे, आणि आज बोटाखाली ताठ, भरत आलेले. खैरुनने हात तसाच बकरीच्या पोटावर नेला, तर आतून कुणीतरी लाथ मारली. थांबून पुन्हा मारली. चार वर्षं जी फळली नाही, जिला खाटकाकडे द्यायचं ठरलं होतं, ती आता पंधरा-वीस दिवसांत विणार होती. बोकड तोच, शेजारच्या लटारूचा, गोठाही तोच. खैरुनला हसू आवरेना.

आणि आज हसायचा दिवस नव्हता. दुपारच्या गाडीने बल्लारशाहून जैनब यायची होती. जैनब म्हणजे नवऱ्याची, कय्यूमची, थोरली बहीण, आणि कय्यूमच्या दुसऱ्या निकाहसाठी मुलगी पाहून ठेवल्याचा तिचा निरोप आधीच आला होता. लग्नाला सात वर्षं झाली, कूस रिकामी. ‘ज्या घरची बाई वांझ, त्या घरची बकरी बी वांझ,’ असं ती गेल्या खेपेला चारचौघांत म्हणाली होती आणि खैरुन मान खाली घालून वाढत राहिली होती... का घातली होती मी मान?

“काऊन वं, सकाळी सकाळी हासून राह्यली?”

रुखमाबाई दारात होती. दर फाल्गुनात जंगलातून टोपल्या भरभरून पळसाची फुलं, म्हणजे खैरुनच्या घरचा टेसू, या रंगरेजाच्या घरी तीच आणून टाकायची.

“बकरी गाभण हाय, बाई. चार सालानं.”

“बरं झालं न. काय चारत होती तिले?”

“फुलं उकळून उरते तो चोथा. श्रावणात फुलाचा सारा साठा भिजला, कुजला. तवापासून नुसता बोरीचा पाला.”

“हे फुलं चारत होती?” रुखमाबाईने टोपली उपडी केली. “आमच्याकडच्या बाया तं लेकरं बस झाली का हेच उकळून पेतेत.” तिने पदराने कपाळ पुसलं आणि ती गेलीसुद्धा.

खैरुन फुलांच्या ढिगाशी उभी राहिली. चोथा बंद झाला श्रावणात. बकरी फळली दिवाळीच्या सुमारास, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच दिवसांत... आणि मी? फुलांचा रंग पाण्यात उतरला की नाही ते डोळ्याला कळत नाही, जिभेला कळतं, ही अम्माची, म्हणजे सासूची, शिकवण. शिवाय चाखलेलं थुंकायचं नाही, बरकत जाते, गिळायचं. कय्यूमची जीभ तंबाखूने मेलेली, म्हणून सात वर्षं रंगाच्या प्रत्येक डेगेला, म्हणजे हंड्याला, दहा-दहा वेळा चाखायचं ते खैरुननेच. गावभर तिच्या जिभेची तारीफ होती. या तारिफेवर ती खुळी फुलून जायची, आणखी एक घोट घ्यायची.

पण अम्माही चाखायची, आणि अम्माला तर तीन मुलं... इथे तिचा धीर सुटला. जैनब हेच तोंडावर फेकेल. ती फुलं निवडायला पाटावर बसली, आणि बसल्या बसल्या तिला अम्मा आठवली, तुरटी कुटता कुटता जुनं काहीबाही सांगणारी — माझी सास जिती होती तोवर मले डेगेजवळ येऊ नाई दिलं तिनं. कय्यूम झाला, सास गेली, मंग हे काम माझ्याकडं आलं. अन् त्याच्यानंतर खुदानं झोळीच बंद केली... चोवीस वर्षांची होती तेव्हा अम्मा. चोविसाव्या वर्षी झोळी बंद, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण तीन होती ना.

खैरुन उठली.  श्रावणानंतर तिचंही चाखणं थांबलं होतं, पण फुलं नव्हती म्हणून कय्यूम तेव्हापासून नागपूरला गिरणीत कामाला होता, महिन्यापूर्वी परतला. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, अजून काही ठरलेलंच नाही. सात वर्षं नमाजात रडून ती ज्या गुन्ह्याची माफी मागत होती तो गुन्हा तिने केलाच नव्हता. तिला राग आला, भरघोस, सुखाचा राग, आणि त्या रागात अम्माची कीवही होती.

“खैरुन, चाखून पाय,” अंगणातून कय्यूमने हाक दिली. डेगेवर पिवळी वाफ होती. त्याने सवयीने पळी पुढे केली.

“तंबाखू थुंका. चूळ भरा,” ती म्हणाली. “आजपासून तुमी चाखा.”

“मले काय कळते?”

“शिकसाल.”

त्याने तंबाखू थुंकला. मग, का कोण जाणे, त्याने चूळ भरली, पळीला ओठ लावले, आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की खैरुनला पुन्हा हसू फुटलं.

मूल होईल, न होईल. रुखमाबाई खरी ठरेल, खोटी ठरेल... तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने केस विंचरले, धुतलेली ओढणी घेतली आणि ती उंबऱ्यावर येऊन बसली. जैनबची वाट ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.