सहाच्या ठोक्याला झालेली कामं

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. चौकशीतही तेच सांगितलं, पण तिथे त्याचं भलतंच झालं.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. कोणत्या मेकॅनिकने कुठे जायचं, ते मी ऑफिसात बसून लावून देते. पूर्वी दर गुरुवारी एकेक काम हाताने टाईप करायचे, मान मोडून यायची. मग नवीन सॉफ्टवेअर आलं. एकदा नियम लावून दिला की कामं दर गुरुवारी आपोआप तयार होतात आणि ज्याच्या त्याच्या नावावर जाऊन पडतात. मला तर आभाळ ठेंगणं झालं. लिफ्टच्या मशीनपाशी ठेवलेल्या सहीच्या वह्याही साहेबांनी बंद केल्या, दुबार काम कशाला म्हणून.

घोडं अडलं ते मामांपाशी. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक; नात्याने कोणाचेच नाहीत, पण सगळे मामाच म्हणतात. काम डोळ्यांत तेल घालून करणार, पण फोनवर 'पूर्ण' अशी खूण करायची म्हटलं की नाक मुरडणार. मग त्यांची कामं लाल दिसायची आणि साहेब माझ्यावर डाफरायचे. शेवटी मामांनी आपला पासवर्डच माझ्या हवाली केला. म्हणाले, तुला काय करायचं ते कर बाई, मला माझं काम करू दे. मी त्यांच्या नावाने आणखी एक नियम लावला: गुरुवारी सहा वाजले की मामांची सगळी कामं पूर्ण. त्यात खोटं काय होतं? मामा चारलाच मोकळे व्हायचे. दोन वर्षं लाल रंग दिसला नाही आणि तो नियम मी विसरूनही गेले.

त्या गुरुवारी दुपारी मामांचा फोन आला. मामींना तातडीने दवाखान्यात हलवलं होतं आणि एका इमारतीतली ब्रेकची तपासणी राहिली होती. तुम्ही जा, उद्या दुसऱ्याला पाठवते, असं मी म्हटलं. सकाळी यादी उघडली तर ते काम पूर्ण. मला वाटलं, मामांना चैन पडलं नसेल, जाता जाता उरकून आले असतील. दवाखान्यात फोन करून कशाला विचारा? जळलं मेलं माझं शहाणपण. तीन दिवसांनी ती लिफ्ट दोन मजले घसरली आणि आतल्या एका शिक्षिकेचे दोन्ही पाय मोडले.

मामांचं लायसन्स राहणार की जाणार, हे चौकशीत ठरायचं होतं. मी सगळं सांगितलं. नियम, पासवर्ड, फोन, काही म्हणून लपवलं नाही. अधिकारी शांत माणूस होता. त्याने दोन वर्षांची यादी छापून मागवली आणि वरून खाली बोट फिरवलं.

"सगळ्या तपासण्या सहाच्या ठोक्याला," तो म्हणाला. "म्हणजे हे गृहस्थ कधी गेलेच नाहीत."

मी म्हटलं, जात होते, दर गुरुवारी जात होते, फक्त ती एक तपासणी राहिली.

"कशावरून?"

दाखवायचं तरी काय? वह्या बंद झालेल्या, वॉचमन तर दर सहा महिन्यांनी बदलणारे. साहेब टेबलाकडे बघत बसले होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे एका खोट्या खुणेपायी दोन वर्षांची खरी मेहनत जळत होती आणि काडी मी लावली होती. मला रडू येत होतं, पण त्याचाही कोणाला उपयोग नव्हता.

मामांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला, वरून खाली पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

"यातली मी केलेली कुठली," ते म्हणाले, "ते दाखव ना गं यांना."

मी कागद हातात घेतला. सगळ्या ओळी सारख्याच होत्या.