बापाचा धवला

हरेश शेठचा पाणउतारा मला करायचाच होता आणि तोही चारचौघांत. आधीच सांगून टाकते, उगाच साळसूदपणा नको.

विचुंब्याला त्याचं बिल्डरचं ऑफिस. तिथे मी वीस वर्षं फ्लॅट विकते आहे. आणि रविवारी ओवे गावाला माझ्या वेणूआत्याकडे धवले शिकायला जायचे. धवले म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी. आत्याची रीत कडक होती. हळदीला धवलारणीने गाण्यात ज्याचं नातं घेतलं, त्यानेच उठून नवरीला हळद लावायची. गाण्यात आला नाही त्याने हात लावायचा नाही.

या नादाने माझं डोकंच पालटलं. पूर्वी गिऱ्हाईक आलं की मी पोपटासारखी स्क्वेअर फूट म्हणायचे. आत्या म्हणायची, "आदी मानूस बग, मंग त्याची गान्यातली ओल जुलव." मग मला ऑफिसातही माणसं दिसायला लागली. नवरा पार्किंगवरून घासाघीस करत असताना त्याची आई कुठल्या खिडकीपाशी जाऊन उभी राहते, तिथे माझं लक्ष जायचं. फ्लॅट धडाधड जायला लागले. शाबासकी घेतली हरेश शेठने, आणि मला काय मिळालं? "ही आमची धवलारीन, जरा गाऊन दाव गो!" असं म्हणून तो मला गिऱ्हाइकांपुढे उभी करायचा आणि खो खो हसायचा. मी मनात त्याला जे म्हणायचे ते कुठल्याच धवल्यात बसलं नसतं.

आत्या अंथरुणाला खिळली. बापाचं नातं घ्यायचा धवला तिने शिकवायला शेवटी ठेवला होता. "ऐतवारी ये," म्हणाली. त्याच रविवारी शेठने मला साइटवर बोलावलं. मी हात जोडले, आत्याचं दुखणं सांगितलं. "गानी काय पलून जातान का?" म्हणाला. संध्याकाळी मी ओव्याला पोचले तेव्हा आत्याची वाचा गेली होती. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच आठवड्यात गेली. तेव्हापासून मी दबा धरून होते.

मग त्याच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न निघालं. डीजे ठरला होता, पण शेठची आई भीमाबाई हटून बसली. धवलारणीशिवाय नातीला हळद लागायची नाही. शेठ माझ्या टेबलापाशी आला. "स्नेहल, म्हनशील ना?" त्या दिवशी पहिल्यांदा धवलारीण नाही, स्नेहल.

"म्हणेन की, शेठ."

मांडव भरला होता. मी सूर लावला. आजी उठली, आई उठली, काका, मामा, मावशी, सगळ्यांचं नातं मी घेतलं. शेठ हळदीचा हात पुढे धरून, हसत, आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता. मी धवला संपवला.

"बापाचा र्‍हायला गो," भीमाबाई म्हणाली.

"मना येत नाय, काकी. आत्या ज्या ऐतवारी शिकवनार व्हती, त्या ऐतवारी शेठनी मना साइटवर बसवलं."

मांडवातली सगळी तोंडं शेठकडे वळली. मला भलताच आनंद झाला.

भीमाबाईने लेकाकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग तू सोता म्हन. बापाच्या तोंडच्या दोन ओली, त्या पन चालतान."

शेठने तोंड उघडलं. जिम, लिफ्ट, गार्डन यावर तासभर बोलणारा माणूस, त्याला काही सुचेना. "काय म्हनू?" त्याने आईलाच विचारलं.

"काय पन म्हना, पप्पा," मनस्वी म्हणाली. "माझ्यावर काय पन."

त्याच्या हातावरची हळद सुकायला लागली. लेकीबद्दल त्याच्याकडे एक ओळ नव्हती. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

मला मनस्वीची दया आली, नाही असं नाही. आणि ओळीही सुचल्या होत्या. गावभर घरं विकणाऱ्या बापाच्या टेबलाखाली ही पोर लहानपणी भातुकलीचं घर मांडून बसायची, ते मी बघितलं होतं, त्यावरच्या. चांगल्या होत्या. पुढे होऊन त्याच्या कानात सांगितल्या असत्या तरी भागलं असतं.

मी पदर सावरला आणि जागेवर बसून राहिले.