परत बोलावणारी शीळ

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. म्हातारा म्हणा हवं तर. पण मला स्वतःला जुनाच वाटतं. मागचा उजवा पाय बिजागरीसारखा करकरतो आणि एका डोळ्यावर साय धरली आहे. तेरा वर्षं मी मेंढ्या वळल्या. शेवटच्या वर्षी टीव्हीवर दिसलो. तुमच्यापैकी काहींनी मला पाहून टाळ्याही वाजवल्या असतील.

माझा जन्म पेंढा साठवायच्या खोलीत झाला. आम्ही पाच भावंडं. मालकांनी एकेकाला उचलून पाहिलं आणि मला बाजूला काढलं.

"हा बाकीच्यांसारखा वळवळत नाही. विचार करतो," ते म्हणाले.

"बाबा, तो विचार नाही करत, झोपलाय," त्यांची मुलगी म्हणाली.

मालकांना बोलायचा कंटाळा. सगळं काम शिळेवर. दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घातली की जायचं. दोन तुटक शिळा म्हणजे कळपाला डावीकडून घ्यायचं. आणि एक शीळ खालून वर चढत जाई आणि शेवटी जराशी थरथरे. ती म्हणजे परत ये. या शेवटच्या शिळेबाबत मालक फार कडक होते. ती घातली की मी पोहोचेपर्यंत ते जागचे हलत नसत, आणि पोहोचलो की माझ्या डोक्यावर हात ठेवत. मी चिखलाने बरबटलेला असलो तरी, काम बिघडवून आलो असलो तरी. "फुकट बोलवायचं नसतं, पोरी," ते मुलीला सांगत. "त्याला खोटं कळतं."

एकदा दाट धुक्यात सगळा कळप कड्याच्या बाजूला सरकला. दिसत काहीच नव्हतं, नुसती शीळ ऐकू येत होती. मी एकूण एक मेंढी खाली आणली. त्या दिवशी मालकांनी डोक्यावरचा हात बराच वेळ काढला नाही. माझं सगळं कौतुक एवढंच, आणि मला ते पुरत असे.

मागच्या हिवाळ्यात मालक दवाखान्यात गेले. नंतर पुष्कळ माणसं घरी आली, हळू आवाजात बोलली, निघून गेली. कुत्र्याला कुणी काही कळवत नाही. मी फाटकापाशी बसून राहिलो.

मुलीची नोकरी शहरात. तिच्या भाड्याच्या खोलीत जनावर चालत नव्हतं. तेवढ्यात एका टीव्ही कंपनीने सहा महिन्यांसाठी शेत मागितलं, मेंढ्या आणि माझ्यासकट. शहरातल्या एका नटाला शेती शिकवायची, तो चुकणार, लोक हसणार आणि शेवटी तो शिकणार, असा त्यांचा कार्यक्रम होता. सगळे त्याला हिरो म्हणत. हिरोचे गमबूट कोरे होते आणि कुत्र्यांची भीती जुनी. हात कायम खिशात.

त्याला शीळ येईना. बोटं तोंडात घातली की नुसती थुंकी उडे.

"दादा, थांबा जरा. लेन्स पुसू द्या," कॅमेरावाला म्हणे.

मी फाटकापाशी बसलेला. दिग्दर्शिका बाई वैतागल्या. "पुढचा भाग कुत्र्याचा आहे. कुत्रा धावत हिरोकडे येतो, घरोघरी लोक रडतात. हा तर ढिम्म हलत नाही."

"भाड्याने मिळतो, मॅडम. शिकवलेला, असाच काळा-पांढरा," त्यांचा मदतनीस म्हणाला.

"मग याचं काय करायचं?"

"डॉक्टरांना बोलवू. तसंही वय झालंय. एक इंजेक्शन."

चहा पिता पिता हे ठरत होतं. मुलगी त्या दिवशी मालकांचे कपडे न्यायला आली होती. हातात त्यांचा स्वेटर घेऊन ती दारात उभी राहिली.

"तो येईल," ती म्हणाली. "त्याला बाबांची शीळ लागते."

तिच्या फोनमध्ये ती होती. शहरात ऐकायला म्हणून तिने कधीतरी साठवून ठेवलेली. मालकांचं सांगणं तिला पाठ होतं. पण समोर सुई होती. तिने शीळ देऊन टाकली.

त्यांनी हिरोच्या जॅकेटखाली, पाठीवर, एक छोटा स्पीकर बांधला आणि त्याला कुरणाच्या मध्यभागी उभं केलं.

मित्रांनो, शीळ आली आणि मी धावलो. पाय करकरतो हे विसरलो. किती दिवस गेलेत हे विसरलो. पोहोचलो तर हिरो उभा. मी त्याच्या मागे पाहिलं. कुंपणापलीकडे पाहिलं. गाडीखाली पाहिलं.

"कट. मस्त. पण तो हिरोपाशी थांबत नाहीये, मागे जाऊन शोधतोय. पुन्हा घेऊ."

मला फाटकापाशी नेलं. पुन्हा शीळ. मी पुन्हा धावलो. वाटलं, मघाशी माझीच नजर चुकली असेल. असं आठ वेळा झालं. पाचव्या वेळी पाय दुमडला आणि मी तोंडावर पडलो.

"पडला ते ठेवा," बाई म्हणाल्या. "पडून उठला ते फार छान आलंय."

मुलगी पुढे आली. "निदान डोक्यावर हात तरी ठेवा हो त्याच्या. एकदा."

"ताई, चावला तर?" हिरो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात माझी घड्याळाची जाहिरात आहे."

"मग बंद करा ते."

"आवाज तुम्हीच दिलात ना, ताई?" बाई समजुतीने म्हणाल्या. "आणि बघा तरी, किती जीव लावतोय तो."

मुलगी मागे सरकली. आठव्या वेळी मी चालत गेलो. नवव्या वेळी शीळ वाजली, शेवटी तशीच थरथरली, आणि मी बसून राहिलो.

त्यांचं काम झालं होतं. तो भाग खूप गाजला. त्यामुळे सुई टळली. मला गोठ्यामागे बांधलं आणि पुढचे सगळे भाग भाड्याच्या कुत्र्याने केले. हिरोला उत्तम शेतकरी म्हणून चषक मिळाला. मेंढ्या विकल्या गेल्या.

मुलीने दुसरी खोली शोधली, तळमजल्यावरची, आणि मला घेऊन गेली. ती मला वेळेवर खायला घालते, पायाला तेल चोळते. एका दुपारी ती स्वयंपाकघरात खाली बसली, फोन काढला आणि शीळ लावली. माझ्यासाठी लावली की स्वतःसाठी, मला माहीत नाही. तिने हात पुढे धरला होता. तो मला स्पष्ट दिसत होता.

मी उठलो नाही.

तिने पुन्हा लावली. मग फोन पालथा ठेवला आणि गुडघ्यांवर सरकत माझ्यापाशी आली. डोक्यावर हात ठेवला. तो हात थेट मालकांसारखा आहे, रुंद आणि जड. मी डोकं काढून घेतलं नाही. एवढंच मला जमलं.

मित्रांनो, टीव्हीवर एखादं जनावर जिवाच्या आकांताने धावत येताना दिसलं, तर ते कुणाकडे धावतंय ते आधी बघा. टाळ्या मग वाजवा.