आठव्या खुर्चीची वाळू

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, दोन खिडक्या आहेत, एक पंखा आहे, चौदा खुर्च्या आहेत आणि चहाचे पंधरा कप आहेत. पंधरावा कप पाहुण्यासाठी ठेवला आहे, पण पाहुणा सहसा येत नाही. टेबलाच्या मधोमध वीतभर उंचीचे, लाकडी चौकटीतले वाळूचे एक जुने घड्याळ आहे. मित्रांनो, ते मी.

माझा जन्म प्रयोगशाळेची भांडी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने काचेचे दोन फुगे फुंकले, त्यांच्यामध्ये पितळेची पातळ चकती बसवली आणि चकतीला आधीच पाडलेल्या बारीक भोकातून वाळू पडते ना ते पाहिले. मग मला उलटे करून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. शेवटचा कण खाली आला तेव्हा बरोबर तीन मिनिटे झाली होती. "जमलं," असे म्हणून त्याने माझ्या बुडाशी तीनचा आकडा कोरला. दुसऱ्या बाजूनेही एकदा तपासावे, हे त्याला सुचले नाही. जेवायची वेळ झाली होती.

पुढे एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे काम केले. मुले माझ्या वाळूवर नजर ठेवून लंबकाचे झोके मोजत. कधी उत्तर बरोबर येई, कधी चुके. चुकले की शिक्षक म्हणत, "नीट मोज." बिचारी मुले कदाचित नीटच मोजत असतील. नंतर बटणाची घड्याळे आली आणि मी कपाटात गेले. तडा गेलेले एक चंचुपात्र आणि अर्धा लोहचुंबक यांच्यामध्ये मी नऊ वर्षे धूळ खात उभे होते. शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, तेव्हा कपाट आवरताना त्यांनी मला पदराने पुसले आणि पर्समध्ये टाकले. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

बाईंच्या पुढाकाराने आमच्या रस्त्यावरचे दुकानदार आणि रहिवासी दर रविवारी सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी, या खोलीत बोलायला जमू लागले. पहिल्या दिवशी सगळे एकदमच बोलले. कचऱ्याची गाडी, पाण्याची वेळ, दुकानाबाहेर लावलेल्या गाड्या, यातले कोणाचे काय हे कळेना. बाईंनी मला टेबलावर ठेवले. "प्रत्येकाला एक वाळू," त्या म्हणाल्या. "वाळू संपली की तोंड बंद. आधी संपवलंत, तरी वाळू खाली येईपर्यंत सगळे गप्प. तेवढ्या वेळात चहा प्या."

नियम सगळ्यांना आवडला. जो तो आपली खुर्ची धरून बसू लागला. पहिल्या खुर्चीत बाई, सातवीत मेडिकलवाले दादा, आठवीत इस्त्रीवाल्या मावशी, चौदावीत सलूनवाले. स्वतःला जमले नाही, तर घरातले कोणीतरी त्या खुर्चीत येई. माझे कौतुकही झाले. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, "आमच्या घरी पण एक द्या हो असलं. नवऱ्यासाठी."

पण आठव्या खुर्चीशी दर रविवारी एकच गोष्ट घडे. मावशींचे टेबल कोपऱ्यावर, मेडिकलशेजारच्या फुटपाथवर होते. त्या पदर नीट करत, "आधी मागचं सांगते," म्हणून सुरुवात करत, आणि मुद्द्याजवळ येता येता माझी वाळू संपे.

"मावशी, वेळ," बाई म्हणत.

"एकच वाक्य राहिलं होतं."

"पुढच्या रविवारी."

"मावशींचं एकच वाक्य म्हणजे धोब्याचा आख्खा गठ्ठा," मेडिकलवाले दादा हसून म्हणत. मावशी लांबण लावतात, असे सगळ्यांचे मत झाले होते. खरे सांगायचे तर माझेही.

मग रस्ता नव्याने बांधायचे ठरले. कोपऱ्यावर चाकांच्या खुर्चीला जायला निदान एक मीटर वीस सेंटीमीटर मोकळी जागा हवी, असे नगरपालिकेने कळवले. कोणते टेबल कुठे जाणार, ते बैठकीने लिहून द्यायचे होते. दादांची आई चाकांच्या खुर्चीवर असते. कोपरा आला की दादांना तिला रस्त्यावर उतरवावे लागे, समोरून रिक्षा आली की त्यांचा जीव वरखाली होई. म्हणून मावशींनी गोदामामागच्या गल्लीत जावे, असे बहुतेकांना वाटू लागले. त्या गल्लीत मांजरांखेरीज कोणी फिरकत नाही. मावशींचे घर त्या एका टेबलावर चालते. निर्णय बासष्टाव्या बैठकीत व्हायचा होता.

एकसष्टाव्या बैठकीला सलूनवाले आले नाहीत. त्यांच्या मुलीला बाळ झाले होते आणि घरातले झाडून सगळे दवाखान्यात होते. त्यामुळे त्या दिवशी मला चौदाऐवजी तेराच वेळा उलटवले गेले. आठवडाभर मला कोणी हात लावत नाही. मी जसे ठेवले गेले, तसेच राहिले.

बासष्टाव्या रविवारी बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर असताना वाळू संपली. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, पण नियम त्यांचाच होता, त्या बसल्या. पुढचे पाच जण बोलले. सातवे मेडिकलवाले दादा. आईला रस्त्यावर कसे उतरवावे लागते, ते सांगत होते.

"दादा, वेळ," बाई म्हणाल्या.

"असं कसं? मी तर नेहमीइतकंच बोललो."

"मला पण नेहमी असंच वाटतं हो," मावशी हळूच म्हणाल्या.

कोणीतरी हसले. पण सहाव्या खुर्चीतले घड्याळदुरुस्तीवाले काका हसले नाहीत. त्यांनी मला ओढून जवळ घेतले, मनगटावरचे घड्याळ काढून शेजारी ठेवले आणि मला उलटवले.

"काका, वाळूत काय दुरुस्त करणार?" टेलरताईंनी विचारले.

"गप्प बसा. मोजतोय."

तीन मिनिटे. त्यांनी मला पुन्हा उलटवले. दोन मिनिटे पंचवीस सेकंद. काकांनी डोळ्याला भिंग लावून माझ्या मानेत पाहिले.

"चकतीला भोक पाडलंय ना, एका बाजूला पत्र्याची कड वर आलीय. त्या बाजूने वाळू अडखळत पडते. दुसरीने सुळकन." त्यांनी भिंग खाली ठेवले. "म्हणजे एकाला तीन मिनिटं, त्याच्या शेजारच्याला पस्तीस सेकंद कमी. आणि आपण चौदा जण. चौदा वेळा उलटवलं की घड्याळ परत होतं तसंच. आज उलट झालं, कारण गेल्या रविवारी तेराच होतो. एरवी दर रविवारी त्याच खुर्च्या कापल्या जातात. दुसरी, चौथी, सहावी, आठवी."

"सहावी तुमचीच की," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

"मी बोलतो कुठे एवढं?"

दादांना औषधांच्या मात्रांमुळे तोंडी हिशेबाची सवय आहे. ते खाली बघत पुटपुटले, "एकसष्ट रविवार गुणिले पस्तीस. मावशींची पस्तीस मिनिटं, पस्तीस सेकंद गेली."

बाई म्हणाल्या, "चूक माझी. शाळेतून आणलेलं आहे म्हणून मी कधी तपासलंच नाही." त्यांनी मला अडखळणारी बाजू वर करून ठेवले. "बोला, मावशी."

मावशींनी पदर नीट केला. "आधी मागचं सांगते," त्या म्हणाल्या, आणि यावेळी कोणी हसले नाही. टेबल कोणी करून दिले, कोपरा कसा मिळाला, सगळे आले. नेहमीच्या जागी त्या पोहोचल्या, वाळू अजून होती, आणि त्या पुढे बोलत राहिल्या.

"आजींना माझ्यामुळे रस्त्यावर उतरावं लागतं, ते मला रोज दिसतं. मला वाईट वाटतं. टेबल लांबीच्या बाजूने भिंतीला लावलं तर वाट होते, मी टोकाशी उभी राहीन, गाठोडी खाली ठेवीन. पण मग दादांची ती फुटपाथवर उभी केलेली पाटी मध्ये येते. औषधांवर सूट लिहिलेली. ती तेवढी आत घेतली तर. दादांना तोंडावर कसं सांगायचं, म्हणून मी मागून मागून येत होते."

त्या थांबल्या. माझी वाळू अजून पडत होती. नियमाप्रमाणे सगळे गप्प बसले. दादांनी चहाचा कप उचलला, पण प्यायले नाहीत.

मित्रांनो, मी आता म्हातारे झाले आहे. माझी चकती बदलायला काका तयार होते, बाई नको म्हणाल्या. हल्ली प्रत्येकासाठी मला एकाच बाजूने लावतात आणि मधल्या वेळात वाळू परत जाईपर्यंत चहा होतो. तुमच्याकडेही एखादे जुने माप असेल, तर त्याला जपा, पुसून ठेवा, आणि कधीतरी दोन्ही बाजूंनी तपासून बघा. त्याचा त्याला राग येत नाही. आणि कोणी फार लांबण लावते असे वाटले, तर आधी घड्याळाकडे संशयाने पाहा.

त्या दिवशी माझा शेवटचा कण पडला आणि सगळे उठून खिडकीबाहेरच्या कोपऱ्यावर गेले. मी टेबलावर एकटेच उरले. उघड्या खिडकीतून पाटी उचलल्याचा, मग टेबल सरकल्याचा आवाज आला.

"धरा हो टेपचं टोक," टेलरताई म्हणाल्या. "भिंतीला नाही, टेबलाच्या कडेला. आता ताणा."

"किती?" बाईंनी विचारले.

"एक मीटर चौतीस."