विचारून चाललेली वाट

मी एक पायवाट आहे. रेव्हनबेक गावातून निघते, टेकडी ओलांडते आणि पलीकडे स्केल्बीच्या चर्चपाशी संपते. जाऊन, जेवून परत यायला माणसाचा अख्खा दिवस लागतो. हल्ली मेंढरू जवळून पळालं तरी मी दचकते. वाटतं, आलं कुणीतरी!

मला कुणी बांधलं नाही. शिशाच्या खाणीत कामाला जाणाऱ्यांच्या खिळे मारलेल्या बुटांनी मी घडले. खाण बंद पडली, मग नुसतेच हवा खायला येणारे उरले.

वाटेत जेसप नावाच्या शेतकऱ्याचं अंगण लागतं. मी अगदी त्याच्या दारावरून जाते. शाळेतल्या हेस्टर बाईंना ते फार अवघड वाटायचं. दर मे महिन्यात त्या मुलांना घेऊन यायच्या आणि आधी जेसपचं दार वाजवायच्या.

"इथून गेलो तर चालेल ना, मिस्टर जेसप?"

"अहो बाई, माझ्या आजोबांच्या आधीपासून लोक जातायत. विचारता कशाला?"

"विचारलेलं बरं."

"बरं, दिली परवानगी. कुत्र्यालाही विचारून घ्या, नाहीतर रागवेल."

मुलं खिदळायची. पण दार वाजवायला शिकली. मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तीही दार वाजवू लागली. निवृत्त झाल्यावर बाई धाकट्या भावाला, क्लिफर्डला घेऊन यायच्या. तो कुरकुरायचा, "ताई, उद्या तू पावसालाही विचारशील, पडू का म्हणून." माथ्यावर दोघं अंड्याची सँडविचेस खायची, थर्मासमधला चहा प्यायची आणि कागदाचा कपटाही मागे ठेवायची नाहीत. मला केवढा अभिमान होता त्यांचा!

मग जेसप गेला. शेत फेन नावाच्या गृहस्थांनी घेतलं. त्यांनी अंगणाला फाटक लावलं, फाटकाला कुलूप. बाईंनी गाव गोळा केलं. सार्वजनिक वाटांच्या जिल्ह्याच्या नकाशात मी नव्हतेच, म्हणून चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. फाटकापाशी उभं राहून एकेकाला विचारू लागल्या. माझा जीव मुठीत.

"किती वर्षं चालता इथून?"

"बावन्न," हेस्टर बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या.

"मालकाला विचारून?"

"म्हणजे काय! दर वेळी. आम्ही काय घुसखोर आहोत?"

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. "अहो, गेली वीस वर्षं लोक न विचारता, हक्काने चालले असतील तरच वाट त्यांची होते. विचारून चाललं, की ती मालकाची मेहेरबानी."

बाईंनी मागे वळून पाहिलं. रांगेत त्यांचेच विद्यार्थी होते, निम्मे पिकलेल्या केसांचे. एकेकाने मान खाली घालून तेच सांगितलं. खोटं बोलायला बाईंनी शिकवलंच नव्हतं.

"ताई," क्लिफर्ड कुजबुजला, "एकदा तरी उद्धटपणा करायचा होतास गं."

निकाल विरुद्ध गेला. पुढच्या मेमध्ये बाई एकट्याच आल्या. क्लिफर्ड म्हणे, "मी कुलपाची मनधरणी करायला येणार नाही." फेनसाहेब लगबगीने किल्ली घेऊन बाहेर आले.

"मिस हेस्टर, तुम्हाला कोण अडवतंय? केव्हाही या. फक्त एक हाक मारा, मी उघडतो."

बाई फाटकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चला ना हो बाई, मी मनात म्हणत होते, मला नकाशा नको, तुमचे बूट हवेत.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. "पण नको."

आणि डांबरी रस्त्याने परत गेल्या. त्यानंतर कुणीच आलं नाही.

आता माझ्यावर नेचे माजलेत. माथ्यावरून मी कुठे वळत होते, माझं मलाच नीट आठवत नाही. तुमच्या गावाजवळ माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यावरून जरा बिनधास्त चाला. हेस्टर बाईंना मात्र दोष देऊ नका. त्या माझ्यावरून फार जपून चालल्या. इतकं जपून, की मी उरलेच नाही.