उत्तर साडेआठ

बाईंनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यांचा नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवत बसला. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. शिंपीही थट्टेने बायकोला बाई म्हणायला लागला आणि ते तोंडात बसलं ते बसलंच. शाळेत बाईंचा खरा राग एकाच गोष्टीवर होता: प्रयोग न करता पाठ केलेलं उत्तर लिहिणाऱ्या पोरांवर. असा कुणी सापडला की त्याची धडगत नसे.

आता बाईंना विसर पडत चालला होता. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग पोटच्या लेकीचं. अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका घरात लेकीने खोली बघून ठेवली. शिंप्याने साफ नकार दिला. त्याच्याकडे पुरावा होता ना! रोज सकाळी तो बाईंसमोर तराजू, पाण्याचं मोजपात्र आणि पितळेचा तुकडा मांडायचा. बाई तुकडा तोलायच्या, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायच्या, वाकून पाणी किती चढलं ते वाचायच्या. वस्तुमान एकशे सत्तर, आकारमान वीस, एकाला दुसऱ्याने भागलं की घनता साडेआठ. तो आकडा उमटला की शिंप्याचा जीव भांड्यात पडायचा. जिला हे जमतं ती कामातून गेली म्हणता तरी कसं येईल, असं तो लेकीला ठणकावून सांगायचा.

एकदा लेक हळूच म्हणाली, "बाबा, तुकडा रोज तोच असतो."

हे मात्र त्याच्या डोक्यात सुईसारखं रुतलं. म्हातारा हट्टाला पेटला. लेथवाल्याकडून त्याने तेवढ्याच मापाचा ॲल्युमिनियमचा तुकडा कापून आणला आणि लेकीला बोलावून घेतलं. तुझ्या डोळ्यांदेखत करू दे, म्हणाला, चुकली तर आजच घेऊन जा. असं बोलायला काय जातंय? ती चुकेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

बाईंनी तुकडा तळहातावर घेतला आणि थबकल्या. आज हलका लागतोय, असं पुटपुटल्या. शिंप्याने लेकीकडे अशा काही तोऱ्यात पाहिलं की विचारू नका. बाईंनी तुकडा तोलला. कागदावर लिहिलं, वस्तुमान चोपन्न. पाण्यात सोडला. आकारमान वीस. अक्षर कसं, छापल्यासारखं. मग घनता असं लिहून, क्षणभरही न थांबता, त्यांनी पुढे साडेआठ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शिंपी कागदावर वाकला. जन्मभर कापडाचे हिशेब केलेला माणूस तो, चोपन्नात वीस तीनदाही जात नाहीत हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रोज सकाळी आपण कशावर जीव टाकत होतो, हे त्याला आत्ता कळलं.  लेकीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाईंनी कागद बाजूला सारला, तांबडी पेन्सिल घेतली आणि तोच कागद परत पुढे ओढला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साडेआठवर त्यांनी करकचून फुली मारली.

"भागलेलंच नाहीये. पाठ केलेलं उत्तर आहे हे." त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. "कुणाचं रे हे?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं.

 "माझं, बाई," शिंपी म्हणाला.

"मग उभा राहा."

तो उभा राहिला. लेक आत गेली, कपाट उघडून आईचे कपडे बॅगेत भरू लागली. बॅग भरून झाली, दारात आली, तरी बाईंनी त्याला बस म्हटलं नाही.