कपाटाला राहिलेली किल्ली

मिस्त्रींनी किल्ली दोनदा फिरवली, मूठ खाली ओढून लोखंडी कपाट नीट लागलं आहे ना ते पाहिलं आणि ते बाजूला होऊन उभे राहिले. फोटो काढणाऱ्या पोलिसाला हात हललेला दिसला म्हणून त्याने पुन्हा एकदा करायला लावलं. मिस्त्रींनी पुन्हा केलं, जरा सावकाश. मग जुडगा कमरेच्या पट्ट्याला कसा अडकवतात तेही दाखवलं.

"रोज असंच?" तपास अधिकाऱ्याने विचारलं.

"रोज असंच. अडतीस वर्षं."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. त्याने विचारलं ते सवयीचं, आणि मिस्त्रींनी सांगितलं तेही सवयीचंच. त्या रविवारचं काही विचारायचं त्याला कारण नव्हतं, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडे आधीच होतं. जबाबावर मिस्त्रींची सही घेऊन झाल्यावर, टोपी उचलता उचलता तो म्हणाला, "नातीचा जबाब झालाय. तुम्ही झोपला होता तेव्हा पट्ट्याचा जुडगा काढला म्हणते. तुम्हाला काही होणार नाही, निश्चिंत राहा."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

ते बंदुका दुरुस्त करायचे. बँकांच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका, नेमबाजी क्लबातली पिस्तुलं, कुणाच्या वडिलांनी मागे ठेवलेली एखादी जुनी रायफल. घराची मागची खोली हाच कारखाना. परवाना खात्याचा माणूस वर्षातून दोनदा तपासणीला यायचा आणि दर वेळी म्हणायचा, मिस्त्री, तुमच्याकडे मी फक्त चहाला येतो. गल्लीतल्या लोकांनी घड्याळ लावून घ्यावं असा त्यांचा दिवस. लेक दोन वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलीला घेऊन परत आली, तेव्हाही त्या दिवसात काही हललं नाही. फक्त खोलीच्या उंबरठ्यावर एक पोर येऊन बसायला लागली. तेरा वर्षांची झाली तरी तिला सगळे मुंगी म्हणायचे. आत यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, बसून बघायचं तेवढं बघ, असा नियम होता. तिने तो कधी मोडला नव्हता. बघितलं मात्र सगळं होतं.

त्या रविवारी मिस्त्रींनी क्लबातलं एक पिस्तूल दुरुस्त करून कपाटात ठेवलं, दार लोटलं, किल्ली लावली, आणि तेवढ्यात खालून पार्सलवाल्याने हाक मारली. स्प्रिंगा आल्या होत्या, पण भलत्याच. पार्सल परत घेऊन जा, नाही नेणार, यात दहा मिनिटं गेली. वर आले ते डोक्यात राख घालूनच. हात धुतले, जेवले, आडवे झाले. किल्ली कपाटालाच राहिली, न फिरवलेली.

तीनच्या सुमारास मुंगी पिस्तूल घेऊन खाली गेली. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मोठा मुलगा सतरा वर्षांचा होता. मुंगीचं आणि त्याचं दोन महिने बिनसलं होतं. तुझा बाप तुलाच कंटाळून गेला, असं तो आदल्या दिवशी चारचौघांत म्हणाला होता. तिला त्याला घाबरवायचं होतं, असं तिने पोलिसांना सांगितलं. गोळी कशी भरली, तर बघून. ती गोळी सुटली आणि त्याच्या गुडघ्यातून आरपार गेली. मुलगा वाचला. तो वायरमनचं काम शिकत होता. पाय पुढेमागे सरळ होईल, पण वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आवाजाने मिस्त्री उठले, तेव्हा त्यांचा हात आधी कमरेला गेला. जुडगा तिथे नव्हता. का नाही, ते त्यांना त्याच क्षणी आठवलं.

तेव्हा बोलले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तेव्हा आरडाओरडा होता, रुग्णवाहिका होती, मुंगीला घेऊन जाणाऱ्या पोलीस बायका होत्या. मग अधिकारी आला आणि त्याने सवयीचं विचारलं. मग तीन आठवडे कुणीच काही विचारलं नाही. कुणी विचारलं की सांगू, असं मिस्त्री स्वतःला सांगत राहिले, आणि सकाळी नेहमीच्या वेळी उठून रिकाम्या खोलीत बसत राहिले. परवाना तात्पुरता थांबवला होता. हातात काम नव्हतं.

मुंगीसाठी लावलेल्या वकीलबाईंनी घरी येऊन कायदा समजावला तो याच दिवसांत. हत्यार कुलपात होतं आणि मुलीने चोरून काढलं, तर दोष मुलीचा. बालन्यायालय तिला अठरा वर्षांची होईपर्यंत सुधारगृहात ठेवू शकतं. हत्यार उघडं राहिलं असेल, तर तो गुन्हा मोठ्यांचा. मालकाला शिक्षा होते आणि मुलाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने बघतं, बहुतेक घरीच देखरेखीखाली ठेवतं.

"मोठ्यांचा म्हणजे फक्त मालकाचा?" लेकीने विचारलं.

"घरातल्या ज्या मोठ्या माणसाला माहीत होतं, त्याचा. पण आपल्याकडे तो प्रश्नच नाही," वकीलबाई कागद आवरत म्हणाल्या. "मुलीने स्वतःच सांगितलंय. पांढऱ्यावर काळं झालंय."

लेक उठून पाणी आणायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलींच्या निरीक्षणगृहात भेटीचा दिवस गुरुवार होता. मिस्त्री एकटेच गेले. मधे लांब टेबल, टेबलाच्या टोकाला विणकाम करत बसलेली देखरेखीची बाई. मुंगीचे केस कुणीतरी घट्ट बांधून दिले होते. त्याने ती मोठी दिसत होती.

"किल्ली कपाटालाच होती," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

"नव्हती. पट्ट्याला होती."

"मुंगे."

तिने टेबलावरची एक चीर नखाने कोरायला सुरुवात केली. मग म्हणाली, "तुरुंगात रात्री दिवे बंद करतात. तुम्हाला अंधारात दिसत नाही. मला दिसतं."

एवढं बोलून तिने शाळेची पुस्तकं कधी आणणार ते विचारलं. बाकीचा वेळ त्या पुस्तकांत गेला.

तिथून ते घरी न जाता इस्त्रीवाल्याच्या दुकानात गेले. इतके दिवस दोघे एकमेकांना टाळत होते. एकाच जिन्याने ये-जा करणाऱ्यांना जेवढं टाळता येतं तेवढं. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पार्सलवाल्यासकट. इस्त्रीवाल्याने हातातल्या सदऱ्याची कॉलर संपवली.

"मग हे मला कशाला सांगताय?" तो म्हणाला. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. कुणाचा दोष ते ठरलं म्हणून माझ्या पोराचा गुडघा काही वाकायचा नाही. पण त्या पोरीवर दोष तेवढा घालू नका. ती त्याला बघायला दवाखान्यात येऊ का म्हणून विचारत होती, पोलिसांच्या गाडीत बसताना."

पुढच्या तारखेला मिस्त्री बालन्यायालयात उभे राहिले. कोर्ट म्हणावं असं तिथे काही नव्हतं. एक मोठी खोली, साधं टेबल, पलीकडे न्यायाधीशबाई. मुंगी बाजूच्या खुर्चीत. मिस्त्रींनी किल्ली फिरवली नव्हती, हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. खोलीत कुणाला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. सरकारी वकिलाने त्यांचाच जबाब त्यांना वाचून दाखवला: रोज असंच, अडतीस वर्षं. मग परवाना खात्याच्या माणसाला विचारलं. तो बिचारा मनापासून बोलला. असा काटेकोर माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही, मिस्त्री किल्ली विसरतील यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

"हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"विचारलं नाही कुणी," मिस्त्री म्हणाले. मग ते उत्तर त्यांचं त्यांनाच अपुरं वाटलं. "आणि सांगायची लाज वाटली."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज मऊ होता. नातीसाठी आजोबांना काय वाटतं ते मी समजू शकते, त्या म्हणाल्या, पण न्यायालयाला पुराव्यावर चालावं लागतं. तुमच्या बोलण्याला दुसरा आधार असेल तर आणा. तोवर नोंद घेतली आहे.

मुंगीने सगळा वेळ मान खाली घातली होती. बाहेर नेताना ती मिस्त्रींच्या शेजारून गेली आणि न थांबता पुटपुटली, "कशाला बोललात?"

बाहेरच्या बोळात मिस्त्री आणि लेक बाकावर बसली. वकीलबाई आदेशाची प्रत आणायला आत गेल्या होत्या. लोक येता-जाता मिस्त्रींकडे आदराने बघत होते. परवाना खात्याच्या माणसाने तर जाताना वाकून त्यांचा हात हातात घेतला. उभ्या जन्मात मिस्त्री इतके खरं बोलले नव्हते, आणि त्याबद्दल लोक त्यांना थोर मनाचा खोटारडा समजत होते. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला.

"तुम्ही खरंच विसरला होता," लेक म्हणाली.

"तुला तरी पटलं."

"पटायचं काय त्यात. मी बघितली होती."

मिस्त्रींचा हात रुमालावर थांबला.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात काच बसवताना धरायची तसे तिने दोन्ही हात मांडीवर अगदी स्थिर धरले होते. रविवार, तिची सुट्टी होती, तिने सांगितलं. दोनच्या पुढे, सव्वादोन असतील, तुम्ही झोपलेले. मागच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे काढायला ती त्या खोलीतून गेली. जुडगा कपाटाला लोंबत होता. येताना पुन्हा दिसला. कपड्यांचा ढीग हातात घेऊन ती क्षणभर थांबलीही होती.

"मग?"

"वाटलं, तुम्ही ठेवलाय म्हणजे कामासाठीच ठेवला असेल. तुमचं कधी काही चुकतं का?" ती थांबली. "आणि तुमच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे मला मुंगीपेक्षा लहान असताना शिकवलंत तुम्ही. एकदाच लावला होता. आठवतंय?"

मिस्त्रींना आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, एवढं त्यांना दिसलं.

गप्प बस, कुणाला सांगू नकोस, हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. घरातल्या ज्या मोठ्या माणसाला माहीत होतं, त्याचा. आपण आत गेलो आणि हीही गेली, तर पोर घरी येणार कुणाकडे? आणि हिने तोंड मिटलं, तर पोर घरी येणारच नाही, पाच वर्षं. दोन्हीकडून हिशेब एकच तुटका येत होता.

बोळाच्या टोकाचं दार उघडलं. वकीलबाई प्रत घेऊन आल्या आणि दोघांचे चेहरे बघून थांबल्या.

"काय झालं?"

वकीलबाईंनी एकदा मिस्त्रींकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. त्यांनी अशी बाकं पुष्कळ बघितली असावीत.

"ताई," त्या सावकाश म्हणाल्या, "जे सांगायचं असेल ते विचार करून सांगा. एकदा मी ऐकलं की न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही."

लेकीने वडिलांकडे मान वळवली. चाळिशीला आलेली बाई, पण खोलीच्या उंबरठ्यावर उभं राहून आत येऊ का विचारणाऱ्या पोरीसारखी ती बघत होती.

मिस्त्री बाकावर थोडे सरकले, आणि दोघांच्या मधली जागा वकीलबाईंसाठी मोकळी केली.

"सांग," ते म्हणाले.